अरिथाचा पहिला कोलंबिया अल्बम: पियानोच्या बाकावर कोण बसलंय ते ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी एकोणीस वर्षांची, लहानपणापासून ख्याल शिकते, स्वतः पेटी वाजवून गाते. अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट'ने तिला झपाटलं आणि मागे मागे जात ती १९६१ सालच्या 'अरिथा: विथ द रे ब्रायंट कॉम्बो' या अल्बमपर्यंत पोचली. तो तिला फार आवडला. पण जिथे वाचावं तिथे एकच मत: कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अरिथाला जॅझ आणि पॉप गायला लावून सहा वर्षं वाया घालवली, खरी अरिथा १९६७ नंतरची. मग हा अल्बम शिकण्यासाठी ऐकावा का, त्यात नेमकं काय ऐकावं, आणि कॉलेजच्या कार्यक्रमात त्यातलं 'ओव्हर द रेनबो' गायचं तिच्या मनात आहे, ते गावं का?

मी पियानोची साथ करते आणि गळा शिकवते, त्यामुळे माझं उत्तर साथीच्या बाजूने येईल. अल्बम जरूर ऐकावा आणि मन लावून ऐकावा. 'वाया गेलेली सहा वर्षं' ही गोष्ट अर्धीच खरी आहे. कोलंबियाचं चुकलं ते जॅझ निवडण्यात नाही, जुनी नाटक-सिनेमातली गाणी देण्यातही नाही. चुकलं ते अरिथाला हळूहळू पियानोच्या बाकावरून उठवून नुसतं मायक्रोफोनपुढे उभं करण्यात. पहिला अल्बम हे पूर्णपणे घडायच्या आधीचा आहे. काही गाण्यांत पियानो रे ब्रायंटचा आहे, काहींत तिचा स्वतःचा. म्हणून एकाच तबकडीत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ऐकायला मिळतात, आणि शिकणाऱ्याला याहून चांगली सोय नाही.

ती आली कुठून हे आधी सांगते, कारण त्याशिवाय तिचा पियानो कळत नाही. जन्म २५ मार्च १९४२, मेम्फिस. वाढली डेट्रॉइटमध्ये. वडील सी. एल. फ्रँकलिन हे न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री आणि त्या काळचे नामांकित प्रवचनकार. त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्ड निघत आणि धडाक्याने खपत. आपल्याकडे कीर्तनकार बुवा निरूपण करता करता सुरात शिरतात आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही, तसंच काहीसं या प्रवचनांत होतं. सुरुवात साध्या बोलण्याने, मग शब्दांना लय येते, मग आवाज एका सुरावर टेकतो, समुदाय प्रत्येक ओळीला उत्तर देऊ लागतो आणि शेवटी सगळं गाणंच होऊन जातं. हा चढ अरिथाने लहानपणी दर रविवारी ऐकला. तिच्या कुठल्याही चांगल्या गाण्याची उभारणी याच चढाने होते.

आई बार्बरा स्वतः गायची, पियानो वाजवायची. ती १९५२ मध्ये गेली, तेव्हा अरिथा दहा वर्षांचीही झालेली नव्हती. घरी येणारी माणसं मात्र कोण होती बघा, चर्चच्या गाण्यातले आणि जॅझमधले मोठे कलावंत: महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड, जेम्स क्लीव्हलंड, डायना वॉशिंग्टन, आर्ट टेटम. एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला क्लारा वॉर्डने गाताना भावनेच्या भरात डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर टाकली आणि त्या क्षणी आपण गायिका व्हायचं हे ठरलं, असं अरिथा पुढे सांगायची. पियानोची शिकवणी तिला रुचली नाही, नोटेशन ती वाचत नसे. ऐकून ऐकून बसवायची, आणि क्लीव्हलंडकडून तिने चर्चमधल्या पियानोच्या कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची, मांडणी उचलली. १९५६ मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांच्याच चर्चमध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. तीही मिळवून ऐका. तिथेही पियानोवर तीच आहे.

त्यानंतर सॅम कूक चर्चच्या गाण्यातून पॉपमध्ये गेला आणि गाजला. ती वाट तिलाही खुणावू लागली आणि वडिलांनी अडवलं नाही. कर्टिस लुईस या गीतकाराच्या गाण्याचा एक नमुना-टेप कोलंबियाच्या जॉन हॅमंडच्या हाती पडला. गाणं होतं 'टुडे आय सिंग द ब्लूज'. लुईसला विकायचं होतं गाणं, हॅमंडने विचारलं ते गाणाऱ्या मुलीबद्दल. हा तोच हॅमंड, ज्याने १९३३ मध्ये बिली हॉलिडेचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, काउंट बेसीला पुढे आणलं आणि अरिथानंतर, १९६१ मध्ये, बॉब डिलनला करारबद्ध केलं. त्याचा कान जॅझ आणि ब्लूजमध्ये घडलेला होता. तो तिला जॅझच्या छोट्या ताफ्यासमोर उभं करणार हे उघड होतं, आणि १९६० मध्ये अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला एका बड्या कंपनीने गंभीर गायिका म्हणून समोर ठेवायचं तर तीच सन्मानाची वाट होती. 'सोल', म्हणजे चर्चच्या ढंगाने गायलेलं कृष्णवर्णीयांचं पॉप, या नावाचं बाजारातलं दुकान तेव्हा अजून नीट मांडलेलंही नव्हतं. म्हणून 'तिला सोल का गाऊ दिलं नाही' हा प्रश्न आजच्या जागेवरून विचारलेला आहे.

पहिलं सेशन ऑगस्ट १९६० चं, अल्बम बाजारात आला १९६१ च्या फेब्रुवारीत. रे ब्रायंट हा फिलाडेल्फियाचा पियानोवादक. त्याच्या हातात जॅझ होतं आणि चर्चही होतं, त्यामुळे निवड नेमकी होती. ट्रॉम्बोनवर ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात वाजवलेला टायरी ग्लेन ऐकू येतो. बास वाजवणाऱ्या बिल लीचं नाव कदाचित सिनेमावाल्यांना ओळखीचं वाटेल, तो दिग्दर्शक स्पाइक लीचा बाप. बारा गाणी. त्यात ब्लूज आहे, ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचं गाणं आहे, संगीतकार गर्शविनच्या ऑपेरातलं गाणं आहे, 'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या सिनेमातलं गाणं आहे आणि तिच्यासाठी आणलेली नवी गाणीही आहेत. एका अल्बमात इतकी सरमिसळ म्हणजे कंपनीला नक्की काय विकायचं ते ठरत नव्हतं, असं म्हणता येईल. पण गाणारीला एवढ्या निरनिराळ्या चालींतून जाताना ऐकणं हीच माझ्या लेखी त्याची श्रीमंती आहे.

आता मुलीला पहिलं गाणं लावून द्या: 'वोन्ट बी लाँग'. गीतकार मॅक्फार्लंडचं गाणं. रेल्वेच्या रुळाशी उभी राहून प्रियकराच्या गाडीची वाट बघणारी बाई, एवढाच विषय. पियानोवर अरिथा स्वतः. पहिल्या वेळी आवाजाकडे लक्षच देऊ नका. फक्त पियानो ऐका. डाव्या हातात ठोक्याचा पाया आहे, उजव्या हातात भरलेले कॉर्ड, आणि ओळ संपली की लगेच पियानोचं उत्तर. हे उत्तर नेमकं त्या फटीत पडतं जिथे ती श्वास घेते. गळा थांबला की हात बोलतो, हात थांबला की गळा. चर्चमध्ये प्रवचनकाराच्या ओळीला समुदाय जे उत्तर देतो, ते काम इथे तिचेच हात करताहेत. दुसऱ्याने ही साथ केली असती तर कितीही तरबेज असला तरी त्याला आधी ऐकून मग उत्तर द्यावं लागलं असतं. तिला ऐकावं लागत नाही. पुढची ओळ ती किती लांबवणार हे तिच्या हातांना आधीच ठाऊक असतं.

दुसऱ्या वेळी टाळी धरून ऐका, पण टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची इथे हमखास गडबड होते, कारण आपला हात समेवर पडायला शिकलेला असतो आणि या संगीतात वजन समेनंतरच्या मात्रेवर असतं. टाळी तिथे स्थिर झाली की ऐकू येईल की ती शब्द टाळीच्या किंचित पुढे टाकते, घाईत असल्यासारखे, आणि ताफा मात्र जागचा हलत नाही. वाट बघणाऱ्या बाईची सगळी उतावीळ या किंचित पुढे असण्यात आहे. आवाज चढवलाय म्हणून ते गाणं तापलेलं वाटतं असं नाही. या गाण्याने अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत सातवा क्रमांक गाठला, पॉपच्या यादीत मात्र ७६ व्या जागेच्या पुढे ते सरकलं नाही. कृष्णवर्णीय श्रोत्यांनी तिला पहिल्या फटक्यात ओळखलं होतं, याची ही नोंद आहे. 'कोलंबियात तिचं काही चाललंच नाही' असं सरसकट म्हणणारे ही नोंद बघत नाहीत.

आता अल्बमचं शेवटचं गाणं, 'टुडे आय सिंग द ब्लूज'. इथे पियानो रे ब्रायंटकडे आहे, संथ लय, प्रत्येक ठोका तीन भागांत झुलणारा. ख्याल शिकलेल्या मुलीला यात सगळ्यात जास्त मिळेल. कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधे एक जागा असते, ती इथल्या ब्लूजची जागा. पियानोला ती वाजवता येत नाही, कारण पट्ट्या दोनच. गळ्याला येते. पियानो शुद्ध गंधाराचा कॉर्ड धरून बसलेला असतो आणि ती खालून, कोमलाकडून वर सरकत मधेच थांबते. शुद्ध गंधारावर पोचतच नाही, किंवा इतक्या उशिरा पोचते की तोवर कॉर्ड बदललेला असतो. आपल्याकडे श्रुतींचा कान तयार झालेला असतो, त्यामुळे ही जागा मुलीला लगेच ऐकू येईल. गाताना मात्र एक सांभाळायचं. आपली मींड एका स्वरातून दुसऱ्यात नेते आणि तो दुसरा स्वर हे तिचं विसाव्याचं ठिकाण असतं. ब्लूजमध्ये विसावा मधेच असतो. तिथे थांबायचं धैर्य लागतं. सुरुवातीला ते बेसूर वाटतं आणि विद्यार्थी घाईने पुढचा शुद्ध स्वर गाठतात. घाई करू नये.

हेच गाणं तिने पुढे अटलांटिक कंपनीच्या १९६९ च्या 'सोल ६९' या अल्बमात पुन्हा गायलं. दोन्ही पाठोपाठ ऐका. दुसऱ्यात मागे मोठा ब्रास ताफा आहे, आवाज पिकलेला आहे, अधिकार आहे. पहिल्यात अठरा वर्षांची मुलगी आहे, आणि तरीही शब्द कुठे टाकायचा, कुठे गिळायचा याची समज जवळजवळ तीच. मला व्यक्तिशः पहिलं जास्त भावतं. त्यात मागे मोकळी जागा आहे आणि त्या जागेत आवाजाची धार उघडी ऐकू येते.

मधल्या गाण्यांपैकी दोनांवर थांबावं. 'आर यू शुअर' हे ब्रॉडवेच्या संगीतिकेतलं, प्रार्थनेबद्दलचं गाणं. रंगभूमीवर ते चर्चची नक्कल म्हणून येतं. ती ते गाते तेव्हा नक्कल उरत नाही, खरं चर्च आत येतं. आणि 'इट एन्ट नेसेसरिली सो', गर्शविनच्या 'पोर्गी अँड बेस' या १९३५ च्या ऑपेरातलं. बायबलात लिहिलेलं सगळंच काही खरं असेल असं नाही, असं सांगणारं मिस्कील गाणं, आणि गाणारी कोण, तर डेट्रॉइटच्या नामांकित पाद्र्याची लेक. ती ते हसत हसत, शब्दांशी खेळत गाते. अठराव्या वर्षी स्वतःच्या घराण्याच्या श्रद्धेशी इतक्या सहजपणे खेळता येणं, यात तिचा आत्मविश्वास दिसतो. बाकी गाण्यांत दोन-तीन साधारण आहेत, चाल अशी लक्षात राहत नाही. ती एकदा ऐकून सोडून दिली तरी चालतील.

आता 'वाया गेलेल्या' वर्षांकडे येते. पहिल्या अल्बमनंतर सूत्रं हळूहळू हॅमंडच्या हातून गेली. आधी अल कॅशा, मग रॉबर्ट मर्सी, मग क्लाइड ओटिस असे निर्माते बदलत गेले. पॉपच्या यादीत पहिल्या चाळीसात गेलेलं तिचं कोलंबियातलं एकमेव गाणं म्हणजे 'रॉक-अ-बाय युअर बेबी विथ अ डिक्सी मेलडी', १९६१, क्रमांक ३७. गाणं कितीतरी जुनं, रंगमंचावरच्या करमणुकीच्या जमान्यातलं. ते चाललं आणि कंपनीला वाटलं, हीच दिशा. मर्सीच्या काळात व्हायोलिनांचा मोठा ताफा आला.

इथे साथीचा एक तांत्रिक मुद्दा नीट समजून घ्या, कारण टीकाकार 'व्हायोलिनांनी तिला दाबलं' एवढंच म्हणून पुढे जातात. मोठा वाद्यवृंद कागदावर लिहिलेला असतो. कुठल्या मात्रेला कोण शिरणार, किती मात्रांनी गाणं संपणार, हे आधी ठरतं. गायिका एखादा शब्द दोन मात्रा लांबवू शकते, पण तेवढंच. शेवटची ओळ रंगली म्हणून ती आठ वेळा फिरवायची म्हटलं तर तीस माणसांच्या स्टँडवरच्या कागदात ते नसतं. आणि अरिथाचं गाणं तर शेवटच्या फिरवण्यातच पेटतं. वडिलांच्या प्रवचनात तेच घडायचं: खरं गाणं सुरू व्हायचं ते ठरलेलं बोलून संपल्यावर. लिहिलेल्या संयोजनात नेमकी तिथे जाड रेघ मारलेली असते. चार माणसांच्या ताफ्यात मात्र पियानोवाल्याने मान हलवली की आणखी एक फेरी होते. पियानोवाली तीच असेल तर मान हलवायचीही गरज नसते.

तरीही त्या काळातलं सगळं टाकाऊ नाही, अजिबात नाही. १९६३ च्या 'लाफिंग ऑन द आउटसाइड' मधलं 'स्कायलार्क' काढून ऐका. मर्सीची व्हायोलिनं आहेत, संथ चाल आहे, आणि शेवटाकडे ती 'स्कायलार्क' हाच शब्द एकदम एक सप्तक वर फेकते. ते ऐकल्यावर जॅझ गायिका सारा वॉनने आपण हे गाणं पुन्हा गाणार नाही असं म्हटल्याची आठवण गायिका एटा जेम्सने सांगितली आहे. डायना वॉशिंग्टन १९६३ च्या डिसेंबरमध्ये वारली, तिला वाहिलेला १९६४ चा 'अनफर्गेटेबल' हा अल्बमही तसाच. त्यातलं 'ड्रिंकिंग अगेन' रात्री, आवाज बेताचा ठेवून ऐका. आणि १९६५ चा 'येऽऽ': तिच्या मागे केनी बरेलची गिटार, छोटा ताफा, जॅझ क्लबातल्यासारखी मोकळीक. टाळ्या मात्र नंतर चिकटवलेल्या आहेत, त्या कानाआड करा. उलट त्याच सुमाराचा, दुसऱ्यांची चालू हिट गाणी गायलेला 'रनिंग आउट ऑफ फूल्स' मला पोकळ वाटतो. तिथे व्हायोलिनं कमी आहेत, लय आहे, तरीही. म्हणजे दोष वाद्यांच्या संख्येत नाही. दुसऱ्याने बसवलेल्या साच्यात ती उभी आहे, हे तिथलं दुखणं.

मग २४ जानेवारी १९६७. अटलांटिकचे निर्माते जेरी वेक्सलर तिला अलाबामातल्या मसल शोल्स गावी फेम स्टुडिओत घेऊन गेले. लिहिलेलं संयोजन नाही. वादक बसलेले, तिला पियानोवर बसवलं आणि तिने पहिले कॉर्ड वाजवले. स्पूनर ओल्डमला वुर्लित्झर इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटी, अडखळत चालणारी ओळ सापडली, इतर वादक एकेक करून आत शिरले, आणि 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन' उभं राहिलं. त्याच दिवशी स्टुडिओत भांडण होऊन काम मोडलं, उरलेलं न्यूयॉर्कला झालं, फेब्रुवारीत तिथेच 'रिस्पेक्ट' झालं. ही कहाणी सगळीकडे सांगितली जाते ती 'तिला शेवटी सोल गाऊ दिलं' अशी. मला त्यात दिसतं ते असं की तिला पुन्हा बाकावर बसवलं. 'वोन्ट बी लाँग' मध्ये जी मांडणी होती, तीच सुमारे सहा वर्षांनी, नव्या तालवादकांबरोबर परत आली. पहिला अल्बम ज्याने नीट ऐकलाय त्याला मसल शोल्सचा चमत्कार वाटत नाही, ओळखीचा वाटतो.

आणि त्या मधल्या वर्षांनी तिला काही दिलंही. हळू आवाजात गाणं तिथे पक्कं झालं. चर्चमध्ये हळू गायची सवय लागत नाही, तिथे हजारो माणसांपर्यंत पोचायचं असतं. मायक्रोफोनजवळ, शब्द जवळजवळ बोलल्यासारखा टाकणं ही जॅझच्या गायिकांची विद्या, ती तिने तिथे कमावली. जॅझच्या जगानेही तिला परकं मानलं नाही. १९६१ मध्येच 'डाउन बीट' या जॅझच्या मासिकाच्या समीक्षकांनी तिला नव्या गायिकांत अव्वल ठरवलं, १९६२ मध्ये ती न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात गायली. पुढची तिची मोठी गाणी हळू सुरू होऊन चढत जातात, त्यातला हळू भाग या वर्षांच्या कमाईतून आला आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता मुलीचं 'ओव्हर द रेनबो'. गावं, अवश्य गावं. पण अरिथाची नक्कल करून नव्हे, आणि ते टाळायचं तर आधी मूळ चाल सरगममध्ये पक्की करून घ्या. पहिली ओळ अशी आहे: सा सां नी प ध नी सां. पहिल्याच शब्दात पूर्ण सप्तकाची उडी. दुसऱ्या ओळीत उडी लहान होते, सा वरून ध. तिसरीत मंद्र ध वरून म. झेप घेतली, मग हळूहळू पंख मिटत आणले, अशी ती रचना आहे. ख्यालाचा गळा पहिल्या उडीला आपोआप मींड लावतो आणि उडीचं घसरगुंडीत रूपांतर होतं. आधी काही दिवस मींडेशिवाय, दोन स्वच्छ स्वर असं गाऊ दे. ते जमलं की मग मींड घ्यायची की नाही हे ती ठरवेल, गळा ठरवणार नाही. मधला अंतरा ग प ग प, मग म प म प असा दोन स्वरांत हेलकावतो. तिथे चालीत फार काही नाही, म्हणून तिथेच बोलल्यासारखं गाता येतं. अरिथा शब्द मागे-पुढे कसे करते ते अशाच जागी ऐकायचं.

साथ तिची तिने करावी, पण पेटीवर नको. याला कारण आहे. पेटीची सवय अशी की उजवा हात गळ्याची चालच वाजवत सावलीसारखा मागून येतो, डावा भात्यात अडकलेला. स्वर दाबला की चालूच राहतो, त्यामुळे ओळी-ओळींतल्या फटी आपोआप बुजतात. या गाण्याला त्या फटीच हव्यात. पियानोचा स्वर वाजतो आणि विरत जातो, म्हणून पुढे काहीतरी बोलायला जागा होते. तेव्हा साधा कीबोर्ड घ्या, पियानोचा आवाज लावा आणि सुरुवातीला चाल वाजवायला पूर्ण बंदी करा. डाव्या हाताने एकच खालचा स्वर, उजव्याने तीन: सा ग प, मग ध सा ग, मग ग प नी, मग सा ग प मध्ये कोमल नी मिळवून, आणि तिथून म ध सा. एवढ्याने पहिल्या ओळीपासून दुसरीपर्यंतची वाट होते. गाताना हात गप्प, ओळ संपली की हाताने दोन-तीन स्वरांचं उत्तर, आणि गळा सुरू व्हायच्या आत पुन्हा गप्प. पहिले काही आठवडे हे फार अवघड जाईल, हात चालीमागे पळेल. पळू देऊ नका. गाण्याच्या अगदी शेवटी म ध सा वरून सा ग प वर येणारे दोन कॉर्ड वाजवले की चर्चमधल्या 'आमेन'चा रंग येतो. तिथे हवी तर शेवटची ओळ दोनदा, तीनदा फिरवावी, जेवढी त्या दिवशी वाटेल तेवढी.

पट्टी तिच्या आवाजाला सोयीची घ्या, रेकॉर्डवरची नको. वरचा सां ओरडून काढावा लागत असेल तर एक-दोन सूर खाली आणा. अरिथाचा छातीतला आवाज ऐकून मुली तसाच जोर लावायला जातात आणि गळा बसतो. तो आवाज लहानपणापासून चर्चमध्ये गाऊन घडलेला होता, तो महिनाभरात येत नाही. कार्यक्रमाच्या आधी चार दिवस जोर लावून सराव नको. आणि कॉलेजवाले तयार वाजणारा ट्रॅक देऊ करतील, सोय म्हणून. तो घेऊ नका. ट्रॅक ठरल्या मात्रेला संपतो. तिला जर शेवटची ओळ आणखी एकदा म्हणावीशी वाटली, तर तो थांबणार नाही.